'कमळ' म्हणताना टाळ्या किती? दोन की तीन?

चिमणपाखरू (धागाकर्ती)

लेक पहिलीत आहे. परवा तिला गृहपाठ होता: चित्र बघून शब्द म्हणायचा, टाळ्या वाजवत त्याचे तुकडे पाडायचे आणि टाळ्यांचा आकडा चौकटीत लिहायचा. तिने 'कमळ'ला दोन लिहिले, 'घर'ला एक, 'करवत'ला दोन. वही परत आली ती तिन्हींवर लाल फुल्या घेऊन. शेजारी बरोबर उत्तरं लिहिली होती: तीन, दोन, चार.

मी आधी तिलाच समजवायला बसले. "हे बघ, क, म, ळ. झाले ना तीन?" तर म्हणते, "आई, पण तू तसं कुठे म्हणतेस?" मग मी मोठ्याने म्हणून पाहिलं. क-मळ. खरंच की! 'घर' तर दोन तुकड्यांत म्हणताच येईना. ओढूनताणून 'घ-र' केलं तर ते कुणा भलत्याच्या तोंडचं वाटायला लागलं.

इंग्रजीत याला सिलॅबल म्हणतात एवढं ठाऊक आहे. शाळेशी वाद घालायचा नाहीये. पण लेकीला सांगू काय?

रफार

लेकीचा कान चोख आहे. बाईंनी लिहिलेली अक्षरं मोजली, तिने उच्चारलेली. घोळ आपल्या 'अक्षर' या शब्दात आहे, कारण तो दोन्हींसाठी वापरतात. प्रातिशाख्यांमध्ये, म्हणजे वेदांचे उच्चार नीट राहावेत म्हणून रचलेल्या ग्रंथांमध्ये, स्वर म्हणजेच अक्षर अशी व्याख्या सापडते. व्यंजन पुढच्या किंवा मागच्या स्वराला चिकटून राहणार, मोजायचा तो स्वर. तिथे अक्षर हे कानाचं होतं. पुढे लिपी आली आणि पाटीवर काढायच्या आकृतीलाही तोच शब्द लागला.

सिलॅबलला मराठीत काही जण 'अवयव' म्हणतात. पण रोजच्या बोलण्यात 'अवयव' म्हटलं की लोकांना हातपाय आठवतात, म्हणून मी इथे सरळ 'ठोका' म्हणतो.

टंकयंत्र

संगणकाला मराठी मोठ्याने वाचायला शिकवायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. धाग्यातली लाल फुली रोज माझ्या नशिबी असते, फक्त आमच्याकडे ती ऐकणारे मारतात.

आपण लिहितो त्यातला प्रत्येक 'अ' बोलत नाही. शब्दाच्या शेवटचा जातोच (आधी जोडाक्षर नसेल तर), मधलेही जातात. आणि मधला नेमका कुठला जाणार ते शब्दाच्या शेपटीवर ठरतं. 'समज' हा शब्द घ्या.

समज : स-मज (दोन ठोके, ज मुका)
समजा : सम-जा (दोन ठोके, आता म मुका)
समजते : स-मज-ते (तीन ठोके, पुन्हा ज मुका)

शब्द तोच, पण शेपूट बदललं की मुका 'अ' एक घर सरकतो. ढोबळ नियम असा की उजवीकडून डावीकडे यायचं, आणि ज्या 'अ'च्या दोन्ही बाजूंना एकेक व्यंजन आणि त्यांच्यापलीकडे स्वर असतील तो गाळायचा. लागोपाठचे दोन मात्र गाळायचे नाहीत. 'कळव, कळवा, कळवले' अगदी असंच चालतं. 'करवत' याच नियमाने कर-वत होतं.

आणि मग 'असफल' येतं. नियम म्हणतो अस-फल. माणूस म्हणतो अ-स-फल, कारण 'अ' हा वेगळा जोडलेला आहे हे त्याला ठाऊक असतं. 'अजगर' मात्र बिनतक्रार अज-गर. यंत्राला हा फरक कळायला शब्दाची घडण माहीत असावी लागते. तुमच्या लेकीला कुणी न सांगता तो येतो. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

बालवाडीवाली

मी शिकवते, त्यामुळे जरा बाईंच्या बाजूने. वाचायला शिकताना मुलांना अक्षर ओळखायचंच असतं, त्यासाठी 'क, म, ळ' हे तीन हवेतच. चूक एवढीच की टाळ्या वाजवायला लावल्या. टाळी वाजवा म्हटलं की मूल कानाने मोजणार.

आणि हे मोजणं मुलांना फार लवकर जमतं. १९७४ मध्ये इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. लाकडी काडीने टेबलावर ठकठक करून शब्दाचे तुकडे मोजायचे. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना ठोके मोजता आले, सुटे ध्वनी एकालाही नाहीत. सहा वर्षांच्या मुलांत ठोके मोजणारी ९० टक्के, ध्वनी मोजणारी ७०. म्हणजे 'कर'मध्ये क् + अ + र् असे तीन ध्वनी आहेत हे बहुतेकांना वाचायला शिकता शिकता कळतं, पण 'कर' हा एक घास आहे हे आधीच माहीत असतं.

मोठ्यांचंही तेच. पोर्तुगालमध्ये १९७९ मध्ये निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी काढून उरलेला शब्द सांगायला लावला, तर बहुतेकांना जमेना. प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांना जमलं. पुढच्या प्रयोगात ध्वनीऐवजी अख्खा ठोका हाताळायला दिला, तेव्हा निरक्षरांचीही कामगिरी बरीच सुधारली.

शंकासुर

सगळं गोड आहे, पण सिलॅबल ही वस्तू खरोखर आहे का? कोणी मोजून दाखवलीय? उच्चाराचा आलेख काढला तर त्यावर कुठेही रेघा नसतात. आवाज सलग वाहतो.

रफार

शंकासुरराव, तुमची शंका जुनी आणि रास्त आहे. स्टेटसन नावाच्या अभ्यासकाने १९२८ मध्ये मांडलं होतं की प्रत्येक ठोक्याला छातीचे स्नायू एक छोटा धक्का देतात. ऐकायला सुंदर. पण १९५०च्या दशकात लॅडफोगेड आणि मंडळींनी बरगड्यांमधल्या स्नायूंची हालचाल प्रत्यक्ष नोंदवली आणि धक्के व ठोके यांचं गणित काही जुळलं नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खणखणीतपणा. 'आ' सगळ्यात खणखणीत, मग इ-उ, मग य-र-ल, मग न-म, मग स, आणि तळाला क-त-प. बोलताना याचे चढउतार होतात, प्रत्येक शिखर म्हणजे एक ठोका. बहुतेक वेळा जुळतं. पण 'स्तर' म्हणून बघा: 'स' हा 'त'पेक्षा खणखणीत, म्हणजे सुरुवातीलाच एक उंचवटा, मग खड्डा, मग शिखर. हिशेबाने दोन ठोके व्हायला हवेत, ऐकू येतो एकच.

म्हणून नेमकी व्याख्या द्यायला जावं तर अडायला होतं. तरी कुणालाही शब्द द्या, ठोके तो बिनचूक मोजतो. हनुवटीखाली आडवा हात धरून 'कमळ' म्हणा, जबडा दोनदा खाली येतो.

ओलीशाई

हात धरून बसलेय आणि घरातले बघतायत. :)

पण रफार, ठोक्यात स्वर असलाच पाहिजे का?

रफार

बहुतेक भाषांत हो, सगळ्या नाही. चेक भाषेत एक अख्खं वाक्य स्वराविना आहे, अर्थ साधारण 'बोट घशात खुपस' असा. देवनागरीत ते 'स्तृच पृस्त स्कृस कृक' असं काहीतरी दिसेल. चार ठोके, आणि चारही 'र्'वर उभे. मोरोक्कोतल्या एका बर्बर बोलीत तर 'स' आणि 'त'सुद्धा ठोक्याचा खांब होऊ शकतात, असं विश्लेषण १९८५ पासून मांडलं जातंय.

मी मुद्दाम 'ऋ' वापरला. शाळेत आपल्याला प्रश्न पडायचा की 'ऋ' हा स्वर कसा, तो तर 'रु' आहे. उत्तर वरच्या वाक्यात आहे. ठोक्याचा खांब झालेला 'र्' म्हणजे ऋ. आपण तो उच्चार हरवून बसलो, चेक लोक तसला 'र्' रोज बोलतात.

गालगागा

वृत्तात लिहिणारा माणूस या धाग्यावर उशिरा पोचला याची लाज वाटते.

पाणिनीची दोन सूत्रं शेजारी ठेवा: 'ह्रस्वं लघु' आणि 'संयोगे गुरु'. ह्रस्व स्वर लघु, पण पुढे जोडाक्षर आलं की तोच गुरू. शाळेत हे पाठ केलं, का ते कोणी सांगितलं नाही. 'शब्द' लिहिताना आपण श + ब्द असं तोडतो. तोंड तोडतं शब् + द. 'ब्' मागे जाऊन 'श'ला बंद करतो, ठोका जड होतो, म्हणून 'श' गुरू. हात एकीकडे तोडतो, जीभ दुसरीकडे, आणि छंदशास्त्र जिभेच्या बाजूने आहे.

आता मराठीची खास गंमत. 'तुझ्या', 'पुन्हा', 'तुम्ही' यांत जोडाक्षर आहे, तरी आधीचं 'तु' किंवा 'पु' लघुच राहतं. व्याकरणात याला 'आघात येत नाही' म्हणतात. म्हणजे काय? 'झ्य', 'न्ह', 'म्ह' हे फुटत नाहीत, अख्खेच पुढच्या ठोक्यात जातात: तु-झ्या, पु-न्हा. मागे काहीच उरत नाही, मग जडपणा येणार कुठून?

आणि हे आपण लिहूनही दाखवतो! 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ध्वनी तेच, क्रम तोच. फरक ठोका कुठे तुटतो एवढाच: दर्-या आणि द-ऱ्या. एकाला डोक्यावर रफार, दुसऱ्याला आडवी मोळी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' याच घरातले. ठोक्याची वेस दाखवायला वेगळं चिन्ह ठेवणारी लिपी म्हणून मला मराठीचा भारी अभिमान वाटतो, वाटू द्या.

रफार

गालगागा, दंडवत. माझ्याच नावाचा हा उपयोग मला सुचला नव्हता.

ओलीशाई

गालगागा, मग वृत्तात 'कमळ' कितीचं?

गालगागा

अक्षरगणवृत्तात तीन लघू, म्हणजे न गण. म्हणताना 'ळ'चा 'अ' पुरता उच्चारायचा. अभंगासारख्या छंदातही मोजणी लिहिलेल्या अक्षरांचीच. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार. समजा मी चरण लिहिला 'शब्दांचे वजन'. श, ब्दां, चे, व, ज, न : सहा, बसला. बोलून पाहा: शब्-दां-चे-व-जन. पाच! गाताना मात्र तो 'न' लांबतो आणि सहावा ठोका परत येतो. बोलण्यात मुका झालेला 'अ' गाण्यात अजून जिवंत आहे, म्हणून बाईंचे तीन अगदीच हवेतले नाहीत.

उर्दू गझलेची तक्तीअ, म्हणजे ओळ तोडून वृत्त मोजणं, मात्र सरळ कानाने चालते. तिथे 'घर' म्हणजे एक गुरू, 'कमल' म्हणजे लघू आणि गुरू, क-मल. तुमच्या लेकीला तिथे पैकीच्या पैकी.

(अवांतर: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. सहा? तेरा. १, २, ३, ५, ८, १३ ही माळ हेमचंद्राने ११५०च्या सुमारास छंद मोजताना मांडली. आज ती ज्याच्या नावाने ओळखतात त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२चं.)

टंकयंत्र

मात्रांवरून आठवलं. हायकूचे पाच-सात-पाच हे ठोके नव्हेतच, जपानी लोक मात्रांसारखं काहीतरी मोजतात. 'तोक्यो' आपल्याला दोन ठोक्यांचं वाटतं, त्यांना तो-ओ-क्यो-ओ असं चारचं. 'निप्पोन' नि-प्-पो-न्, तेही चार. मराठीत अक्षरं मोजून ५-७-५ जुळवणारे भलतंच माप लावत असतात, असं माझं मत. राग मानू नये.

बाहेरचा शब्द आला की प्रत्येक भाषा तो आपल्या ठोक्यांत कापते. इंग्रजी 'स्ट्राइक' एका ठोक्याचा, जपानीत जाताना 'सु-तो-रा-इ-कु' होतो. आपल्याकडे 'फिल्म'चा 'फिलम', 'स्कूल'चं 'इस्कूल'. लोक हसतात, पण 'जन्म'चा 'जनम' आणि 'वस्त्र'चं 'वस्तर' त्याच वाटेने झालंय. व्यंजनांच्या मध्ये असा स्वर सरकवण्याला प्रातिशाख्यांपासून 'स्वरभक्ती' असं भारदस्त नाव आहे. 'फिलम' म्हणणाऱ्याला कुणी हसलं तर हा शब्द तोंडावर फेकावा.

मौनीबुवा

वाचनमात्र असतो, पण आज लिहितो.

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. बाहेरच्याला वाटतं शब्द आठवत नाही. शब्द पूर्ण समोर असतो. किती ठोक्यांचा, जड कुठे, हलका कुठे, सगळं दिसत असतं. दार उघडत नाही ते पहिल्या ठोक्याचं. 'क्-क्-क्-' आणि पुढचं 'अ' येतच नाही. एकदा तो 'क' सुटला की 'मळ' आपोआप घरंगळत येतं. मधल्या ठोक्यावर मी क्वचितच अडलो असेन.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी मला मांडीवर बोटाने ताल धरायला शिकवलं. एका थापेला एक ठोका, सगळे सारख्या लांबीचे. मा-झं-नाव. पहिल्या दिवशी मी न अडता पाच मिनिटं बोललो आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिलो. ऐकायला ते बोलणं यंत्रासारखं लागतं, त्यामुळे चारचौघांत फार वापरत नाही. फोनवर वापरतो. खिशात हात, आत बोट हलत असतं.

आणि ताई मला 'घर' एका थापेत घ्यायला सांगायच्या. दोन थापांत घेतलं तर 'र'वर नवं दार तयार व्हायचं.

चिमणपाखरू

मौनीबुवा, लिहिलंत ते बरं केलंत. 'नवं दार' डोक्यातून जात नाहीये.

बालवाडीवाली

मौनीबुवा, शब्द न आठवतासुद्धा त्याचा सांगाडा दिसतो हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं आहे. 'अगदी जिभेवर आहे' म्हणतो ना आपण, त्यावर १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी प्रयोग केला. अडलेल्या माणसांना शब्द सापडत नव्हता, पण तो किती ठोक्यांचा आणि सुरुवात कशाने, हे ती नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगत होती.

तोंडून चूक होते तीही शिस्तीत. 'लाल गाडी'चं 'गाल लाडी' होईल. आरंभाची जागा आरंभच घेतो, 'लाल'च्या शेवटच्या 'ल'च्या जागी 'ग' येऊन 'लाग लाडी' झालेलं मी तरी ऐकलं नाही.

ओलीशाई

आम्ही चौथीत 'च'ची भाषा बोलायचो! शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं, पुढे 'च' लावायचा. घरी : चरीघ. काय : चयका. फ्रेंच पोरांचीही अशीच उलटी बोली आहे, 'व्हेरलाँ', तिचं नावच 'लाँव्हेर' (म्हणजे उलट) हा शब्द ठोका ठोका उलटवून झालंय.

प्रश्न असा की आपण 'शब्द'चं 'चब्दश' करतो. म्हणजे लिहिलेलं अक्षर उचलतो. बोललेला ठोका उचलला असता तर 'चदशब' व्हायला हवं होतं ना?

गालगागा

क्या बात है. हे वाचायला न येणाऱ्या मुलावर करून पाहायला हवं.

चिमणपाखरू

घरात प्रयोगशाळा आहेच. तिला अजून जोडाक्षरं शिकवलेली नाहीत. खेळ समजावला, 'घरी', 'बाबा', 'मामा' वर सराव घेतला. मग म्हटलं, 'शब्द'. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चदशब!"

'मित्र'वर मात्र गडबडली. एकदा 'चत्रमि', एकदा 'चरमित'.

टंकयंत्र

एका मुलीवरून निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. तरी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. दोन.

शंकासुर

मी अजून आहे. एवढे ठोके पाडण्यात फायदा काय? कमी ठोक्यांत बोलणारी भाषा जिंकली का?

रफार

नाही, बरोबरी झाली. २०१९ मध्ये सतरा भाषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जपानीत वेगवेगळे ठोके काहीशेच, इंग्रजीत सुमारे ७०००. थोडेच ठोके असले की प्रत्येकात माहिती कमी भरते, म्हणून जपानी बोलणारे सेकंदाला जास्त ठोके उडवतात. व्हिएतनामीचे ठोके भरगच्च, तिथे लोक सावकाश. सगळं गुणून सेकंदाला साधारण ३९ बिट माहिती, जवळपास सगळीकडे.

शंकासुर

बरं. हे आवडलं. माझी तूर्तास शरणागती.

चिमणपाखरू

धागा वर काढतेय, चार महिन्यांनी.

बाईंना भेटले होते. त्या समजूतदार निघाल्या, पुढच्या वेळी 'अक्षरं मोजा' असं लिहू म्हणाल्या. दरम्यान लेकीची जोडाक्षरं शिकून झाली, आता दुकानांच्या पाट्या वाचत चालते. काल सहज 'च'ची भाषा काढली आणि 'शब्द' विचारला. थांबलीसुद्धा नाही. "चब्दश."

मग म्हटलं, टाळ्या वाजवून 'काम' म्हण बघू. तिने दोन टाळ्या वाजवल्या. मी तोंडाकडे बघत होते. दुसरी टाळी वाजली तेव्हा ओठ मिटलेले होते.